भिकुबाईची कवळी

१

"तोंड उघडा," डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि भिकुबाईनं तोंड आणखी घट्ट मिटलं.

तेवीस वर्षं झाली होती मला कवळ्या बनवायला लागून. जळगावात डॉक्टर प्रमिलाबाई वारके यांच्या दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत माझं टेबल आहे. खुर्चीत बसून तोंड न उघडणारी लहान पोरं मी पुष्कळ बघितली, पण साठीची बाई? आणि तीही भिकुबाई! ही तर माझी लाडकी पेशंट. होळीच्या आधी मीच तिची कवळी बनवली होती. तेव्हा गाल असे खोल गेलेले, की माप घेताना माझाच जीव कळवळला होता. आणि आज बघा, चेहरा कसा भरून आलेला, अगदी गोल गरगरीत. मला राहवलं नाही.

"बाई, याला म्हणतात कवळी," मी म्हटलं. "बरोबर बसली की माणूस पोटभर खातं, आणि खाल्लेलं असं अंगी लागतं."

"तुमचं कौतुक नंतर करू, जहांगीरभाई. आधी यांचे ओठ सुटू देत."

"कवळी बेस शे," भिकुबाई पदराआडून पुटपुटली. "नुस्ती आग व्हस तोंडमा. जराशी घासी द्या, मी चालनी." तिचं माहेर दोंडाईचा, सासर रावेरच्या पलीकडे. केळीच्या मुलखात चाळीस वर्षं काढली, तरी बोली माहेरचीच ठेवली.

"न बघता घासून द्यायला मी काय पाट्याला टाकी लावायला बसलेय?" बाई कडाडल्या. आमच्या बाईंचा आवाज असा, की निम्म्या पेशंटांची दाढ त्यानंच ठणकायची थांबते. त्यांनी भिकुबाईचा हात धरून खाली केला. कोपराखाली दोन निळे-जांभळे डाग होते, बोटाएवढे. बाईंनी ते क्षणभर बघितले.

तोंड उघडलं. आत सगळं काळंकुट्ट! तंबाखूच्या मिस्रीचा असा लेप, की जीभ कुठली आणि हिरडी कुठली कळेना. बाईंनी कवळी काढली, कापसाचा बोळा ओला करून टाळूवरून फिरवला. मिस्री निघाली आणि खालून पांढरं काहीतरी वर आलं, फाटलेल्या दुधासारखं, टाळूभर, जिभेवर, गालांच्या आतून. बाईंनी तेही जरा खरवडलं तर खाली लालभडक मांस आणि रक्ताचे बारीक थेंब.

या अल्ला! खोटं कशाला सांगू, मी दोन पावलं मागे सरलो.

भिकुबाई खुर्चीवरून घसरली ती थेट बाईंच्या पायाशी. "आते माले बी कोंडशात का वो, माय? कोणले सांगू नका! मी तुम्हना पाय धरस!"

"कोंडतील? कोण कोंडेल तुम्हाला?"

"मनी सूनले कोंडेल शे," ती म्हातारी हुंदके देत म्हणाली. "आज सहा दिन व्हयनात. केळीना बागमा."

२

बाईंनी दवाखान्याचं दार लावून घेतलं. पाणी पाजलं, तेव्हा कुठं भिकुबाई धड बोलू लागली.

तिला दोन मुलगे. थोरला लीलाधर केळीची बाग बघतो. धाकटा कौतिक केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा. दीड महिन्यापूर्वी तो एका फेरीला निघाला, आणि वाटेत कुठं गाडीच बिघडली. पाच-सहा दिवसांत परतणारा माणूस अकराव्या दिवशी घरी आला, तो ओकाऱ्या काढत. पोटात घोटभर पाणी ठरेना, उभं राहवेना, घेरी येऊन पडायचा. तिसऱ्या दिवशी गेला. तिशी पण गाठली नव्हती त्यानं!

"मी गाठोडं बांधी ठेवेल व्हतं त्यानाकरता," ती सांगत होती. "लाडू, शेव, बठ्ठं. ते बी घरच राही गयं. उपाशी गया वो मना आंडोर!"

मेला तेव्हा कौतिकच्या तोंडात असाच पांढरा थर होता. गावात बसणाऱ्या डॉक्टरनं तो पाहिला आणि हात झटकले. ड्रायव्हर माणूस, रात्रंदिवस बाहेर, आणखी काय असणार? ते साल त्र्याण्णव. एड्सचं नाव पेपरात यायचं आणि लोक ते शेजाऱ्याच्याही कानात सांगायला घाबरायचे. गावानं कौतिकच्या घरचं पाणी तोडलं. त्यात आठवड्यापूर्वी त्याची बायको कमल हिच्या जिभेवरही तेच उमटलं. लीलाधरनं तिला बागेतल्या खोलीत नेऊन ठेवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, बाहेरून कडी-कुलूप. तिची दोन वर्षांची पोरगी घरात रडतेय. आणि उद्या कमलचा बाप चोपड्याहून येणार, तिला कायमची घेऊन जायला. पोरगी मात्र इथंच राहणार. तसं ठरलं होतं.

"रक्त तपासलं का?" बाईंनी विचारलं.

"लीलाधर म्हणस तपासं. तोच आजार निंघना."

"आणि तुमची जीभ तुम्ही कधी पाहिली?"

भिकुबाईनं मान खाली घातली. सुनेला कोंडलं त्याच दिवशी तिनं आरशात बघितलं होतं. तेव्हापासून दिवसातून चारदा मिस्री.

तिला बाहेर बसवून मी डबा उघडला. दुःख दुसऱ्याचं असलं तरी भूक आपली असते. डब्यात भरताची वांगी, पण भरीत कसं? फिकं! थंडीचे दिवस, जळगावचं भरीत, आणि त्यात मिरची नावाला! शहजादीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन महिन्यांपासून हाच छळ मांडलाय. विचारलं तर म्हणते, मला सोसत नाही. अहो, तुला सोसत नाही तर माझा काय गुन्हा?

"बाई," मी घास गिळत म्हटलं, "तो आजार ताटावाटीनं पसरतो का हो?"

"मुळीच नाही. म्हणून तर डोकं चालत नाही माझं." बाई फेऱ्या घालत होत्या. "नवऱ्याकडून बायकोला, हे समजू शकतं. पण सासूला कुठून? ती काय दिल्लीला गेली होती? आणि हे पांढरं म्हणजे तो आजार नव्हेच. ही बुरशी. तुमचं तोंड तपासलं, जहांगीरभाई, तर तिथंही सापडेल."

मी डबा खाली ठेवला.

"घाबरू नका. माझ्याही तोंडात आहे. निम्म्या गावाच्या तोंडात असते, गुपचूप बसलेली. आपल्या रक्तात राखणदार असतात. ते तिला डोकं वर काढू देत नाहीत. हे लोक विचारतायत, चोर बाहेरून कुणी आणला? अरे, चोर घरातच राहतो! विचारायचं ते हे, की राखणदाराला झोपवलं कुणी? एकाच घरात, तिघांच्या अंगातल्या राखणदारांना?"

"कुणी म्हणजे? आजारानंच ना?"

"आजार असेल. साखर असेल, पण म्हातारीची लघवी आत्ताच तपासली, साखर नाही. नाहीतर एखादा माणूस असेल." बाईंनी गाडीची किल्ली उचलली. "चला. उद्या त्या पोरीचा बाप यायच्या आत मला उत्तर हवंय."

३

बाईंची फियाट आणि बाईंचं चालवणं, दोन्ही अल्लाच्या भरवशावर. भुसावळ, सावदा मागे टाकत दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही पोचलो. दोन्हीकडे केळी, मध्ये चिंचोळा रस्ता, घड लादलेले ट्रॅक्टर समोरून येतायत आणि बाई त्यांच्यावर हॉर्न वाजवतायत. मागच्या सीटवर भिकुबाई डोळे मिटून रामराम करत होती.

लीलाधर ओट्यावरच होता. उंच, हाडकुळा, दाढी वाढलेला. आईला आमच्या गाडीतून उतरताना बघून त्याचा चेहराच पडला.

"तुम्ही दाताचे डॉक्टर," तो म्हणाला. "तुमचं इथं काय काम?"

"तोंडाचं काम. कमलच्या रक्ताचा कागद दाखवा."

"हरवला."

"कुठं तपासलं?"

"जळगावले. सरकारी दवाखान्यात."

"कोणत्या खोलीत? रक्त कुठं पाठवलं? किती दिवसांनी उत्तर आलं?"

त्याची नजर एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीकडे. मला तर तिथंच वाटलं, हाच! भाऊ मेला, भावजय गेली, की बाग, ट्रक, घर सगळं याचंच. माणसाला लोभ सुटला की तो कुणाच्या ताटात काय कालवेल सांगता येत नाही.

बाईंनी आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज जास्त भयंकर. "लीलाधर, तुम्ही तिचं रक्त तपासलंच नाही. खरं की खोटं?"

आणि तो एवढा थोरला माणूस ओट्यावर मटकन बसला. "घेऊन गेल्तो बाई. फाटकापर्यंत गेल्तो. तिथं आपल्या गावातले दोघं उभे होते. त्यायनं विचारलं, काय लीलाधरभाऊ, कोणाले दाखवाले आणलं? मले उत्तर सुचेना. तिले तशीच मागं फिरवली. घरी येऊन सांगतलं, तपासलं म्हणून." त्यानं तोंड झाकून घेतलं. "गाव आमच्या विहिरीचं पाणी पीत नाही, बाई. मी काय करू?"

"नुसत्या लाजेपायी तिला कोंडलीत?" बाई म्हणाल्या. मी त्यांना इतकं हादरलेलं कधी बघितलं नव्हतं. "चावी द्या."

४

केळीच्या बागेत उन्हातही गारवा असतो. खोली विहिरीच्या मोटारीची, एका कोपऱ्यात पाइपांचा ढीग, दुसऱ्यात गोधडीवर कमल. बावीस-तेवीसची पोर. दार उघडलं तशी ती उठायला गेली आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसली.

"माह्या पोरीले पाहू द्या," एवढंच म्हणाली.

मी दारातच थांबलो. माझ्या डोळ्यांसमोर धुकं आलं होतं, मला लपवायचं नाही. बाई मात्र सरळ आत गेल्या, तिच्या गोधडीवर बसल्या, हनुवटी धरून तोंड बघितलं, स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिला पाजून उरलेलं स्वतः प्यायल्या. दाराबाहेर लीलाधरनं ते बघितलं. मुद्दामच बघू दिलं बाईंनी.

"कधीपासून बरं वाटत नाही?"

"तोंड आठ दिवसांपासून. पण कालपासून गरगरतं. मळमळतं. सकाळपासून दोनदा ओकारी झाली. सांधे सगळे मोडून आल्यासारखे वाटतात."

"नवऱ्यालाही असंच?"

"असंच, बाई." तिचे डोळे भरले. "सगळं असंच. मी पण जाणार ना आता?"

बाई तिची नाडी धरून बराच वेळ बसल्या. तेवढ्यात कमलचा पदर सरकला आणि मला तिचा दंड दिसला. निळे-जांभळे डाग, चार-पाच! माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन लीलाधरची कॉलर धरली मी. "बाईमाणसावर हात उचलतोस?"

"देवाशपथ नाही, भाऊ!"

"सोडा त्याला, जहांगीरभाई," आतून बाई ओरडल्या. "हिला बांगडी लागली तरी डाग पडतो. विचारलं मी. आणि सकाळी म्हातारीच्या हातावर तेच डाग होते, बघितले नाहीत? की आईलाही मारतो तो?"

मी कॉलर सोडली. चुकलंच माझं.

बाई बाहेर आल्या. कपाळाला आठ्या. "अंगाला हात लागला तर काळंनिळं. राखणदार झोपलेले. आणि हिचाही चेहरा..." त्या मध्येच थांबल्या. "लीलाधर, कौतिकचा फोटो आहे घरात?"

५

फोटो दोन होते. एक लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. दुसरा, हार घातलेला, गेल्या पोळ्याला बैलाबरोबर काढलेला, मरायच्या थोडा आधीचा. बाईंनी दोन्ही भिंतीवरून काढले आणि माझ्या हातात दिले.

"तुम्ही तोंडांचे कारागीर. काय फरक दिसतो?"

"गाल," मी म्हटलं. "लग्नात निमुळते होते. पुढं अंगानं भरलाय. चेहरा गोल झालाय."

"ज्या आजाराचं नाव घेऊन गावानं यांना वाळीत टाकलं, त्या आजारात माणूस सुकत जातो, जहांगीरभाई. हाडाला कातडी चिकटते. हा मरायच्या आधी गोल झाला. कमल सहा दिवस कोंडलेली, तिचाही चेहरा गोल. आणि भिकुबाईंचा गोल चेहरा तुम्ही मला सकाळीच मोठ्या अभिमानानं दाखवलात."

माझे कान गरम झाले. कवळीचं श्रेय घेतलं होतं मी!

बाई भिकुबाईकडे वळल्या. ती नातीला मांडीवर घेऊन चुलीजवळ बसली होती. "भिकुबाई, तुम्ही तिघं असं काय खात होतात, जे लीलाधर खात नाही?"

"काय बी नही. एकच चूल शे."

"औषध?"

"औषध कसाले? कोणी आजारी नव्हतं. मना गुडघा दुखेत, ते बी बरा व्हई ग्यात." आणि गुडघ्यांचं नाव निघाल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. "असा गुण उना, बाई! पायरी चढता येत नव्हती माले. आखाजीना सणले मी झोका खेळनी! मंग म्हणं, कौतिकनी कंबर दुखस गाडीवर बसीसन, त्याले बी देऊ. कमल बाळंतपणपाशीन वाळी गयेल व्हती, तिले बी दूधमा टाकी देऊ. दोन्हीसना अंगवर मास चढनं. लीलाधरले म्हणं तू बी घे, तर तो नही म्हणे."

आपल्याकडे हे असंच. एकाला गुण आला, की ते औषध लाडवासारखं घरभर वाटायचं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट, ज्याच्यावर जीव जास्त त्याला आधी.

"काय टाकलंत दुधात?" बाईंनी विचारलं. "आणा इकडे."

भिकुबाईनं फळीवरून पत्र्याची डबी काढली. झाकण उघडलं. आत पुड्या, गुलाबी पतंगी कागदाच्या, चौकोनी, एका कोपऱ्याला पीळ दिलेल्या.

तो कागद, तो पीळ मी ओळखत होतो. रोज बघत होतो.

बाईंनी एक पुडी सोडली. पांढरी भुकटी, चिमटीभर. "कुठून आणता?"

भिकुबाईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, काही नव्हतं. साधं आश्चर्य होतं, की मी गप्प का.

"दोंडाईचाना टेसनजवळना वैद्यकडथीन. तुम्हीनच तं सांगं व्हतं ना, जहांगीरभाऊ? कवळीनं माप लेतांना?"

६

होय. मीच सांगितलं होतं. खुर्चीत ती गुडघे धरून कण्हत होती. माहेर दोंडाईचा म्हटल्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मग काय चिंता? माझी मेहुणी खातून तिथंच राहते, ती स्टेशनजवळच्या वैद्याच्या पुड्या शहजादीला पाठवते, चार दिवसांत गुडघे पळायला लागतात. माहेरी जाल तेव्हा घेऊन या.

बाईंनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. त्या भिकुबाईसमोर खाली बसल्या होत्या आणि एकेक शब्द दाबून विचारत होत्या. "कौतिक शेवटच्या फेरीला गेला, तेव्हा पुड्या नेल्या होत्या का?"

"गाठोडामाच बांधेल व्हत्यात. लाडूसना संगे. घरच राह्यनात."

"अकरा दिवस. आणि कमलला शेवटची पुडी कधी दिलीत?"

"कोंडं त्याना आधलं दिन. मंग लीलाधर म्हणे, कोणी जावानं नही."

बाई ताडकन उठल्या. "जहांगीरभाई, गाडीतली काळी पेटी! पळा!"

मी पन्नाशीचा माणूस, दम्याचा. पण पळालो. पेटी घेऊन केळीतून धावत खोलीशी पोचलो, तर बाई आधीच आत होत्या आणि कमल गोधडीवर आडवी, डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे. हाक मारली तर ओ नाही. बाईंनी इंजेक्शन भरलं, दंडात दिलं.

"उचला हिला! जळगावला न्यायचंय, सलाईन लागेल!"

मी पुढं झालो, पण माझ्या आधी लीलाधर आत शिरला. सहा दिवस जिच्या तांब्यालाही त्यानं शिवू दिलं नव्हतं, तिला त्यानं दोन्ही हातांवर उचललं आणि रडत रडत गाडीपर्यंत आणलं. गावातली माणसं रस्त्यावर उभी होती. एकही पुढं आला नाही.

सावद्याच्या पुढं कमलनं डोळे उघडले. "पोरगी," म्हणाली. भिकुबाईनं नातीला तिच्या छातीशी दिलं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात बाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. कमल सलाईन संपवून चहा मागत होती. तिचं रक्त तपासायला गेलं होतं. पुढं त्याचं उत्तर आलं, तो आजार नव्हताच. चोपड्याहून तिचा बाप आला होता, तोही ऐकत होता.

"त्या पुडीत स्टेरॉईडच्या गोळ्या कुटलेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "औषध वाईट नाही. कमलला काल मी दिलं ते इंजेक्शन त्याच जातीचं. पण किती द्यायचं, किती दिवस, हे न सांगता चोरून दिलं की ते विष. दुखणं दाबतं, भूक वाढवतं, चेहरा गोल करतं. लोक म्हणतात गुण आला. आणि आतून ते राखणदारांना झोपवतं. मग तोंडातली साधी बुरशी अशी माजते."

"पण कौतिक बुरशीनं मेला?" लीलाधरनं विचारलं.

"नाही. आपलं शरीर हेच औषध रोज थोडं स्वतः बनवतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं, की शरीर ते बनवायचं सोडून देतं. मग एक दिवस पुडी बंद झाली, तर अंगात काहीच उरत नाही. ओकारी, घेरी, आणि माणूस कोसळतो. कौतिकचं तेच झालं. कमलचं तेच होत होतं. ती एड्सनं मरत नव्हती, लीलाधर. तुम्ही लावलेल्या कडीनं मरत होती."

लीलाधरनं भिंतीवर डोकं टेकलं.

भिकुबाई नातीला धरून बाकावर बसली होती. बाईंनी पुडीचं नाव काढताना तिच्याकडे बघायचं टाळलं होतं, मीही टाळलं होतं. ती हळूच म्हणाली, "मंग गाठोडं घरच राह्यनं म्हणीसन तो गया. लाडूकरता नही."

"भिकुबाई..."

"आनि पुडी मीच दिन्ही."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. मला वाटलं ती आता ऊर बडवेल, मला शिव्या घालेल. मी तयार होतो त्याला. खरं सांगतो, मला त्या शिव्या हव्या होत्या. पण ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, "तुम्हले तरी काय ठाऊक व्हतं, भाऊ?" त्यानं मला जास्त लागलं.

बाई म्हणाल्या, "तुमची पुडी आज बंद करायची नाही. ऐकताय ना? एकदम सोडली तर तुमचंही तेच होईल. मी गोळी मोजून देईन, महिनोन्महिने थोडी थोडी कमी करू. आणि बुरशीचं औषध तोंडात धरायचं. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची."

"माले जगीसन काय करनं शे?" ती म्हणाली. मग नातीकडे बघून गोळीसाठी हात पुढं केला.

पोलिसांनी दोंडाईच्याला माणूस पाठवला. स्टेशनजवळच्या त्या खोलीला कुलूप होतं. आत एक खलबत्ता, गुलाबी कागदाचं बंडल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पोतंभर. वैद्य आजतागायत सापडलेला नाही.

८

आदली रात्र इस्पितळातच काढून त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शहजादी जिना झपझप उतरून खाली आली. वर्षभरापूर्वी ती याच जिन्यावर बसून बसून उतरायची. माझ्या हातातला डबा घेतला, हसली. गोल, गोरटेला, गुबगुबीत चेहरा. बायकोला माझ्या कमाईचं अन्न मानवलंय, असं मी मोहल्लाभर सांगत फिरत होतो!

"कालचं भरीत संपवलंत?" ती म्हणाली. "तिखट नव्हतं म्हणून रोज ओरडता ते?"

"इकडे ये. उजेडात."

"काय झालं?"

"तोंड उघड, शहजादी."

ती हसायला लागली. तेवीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं बघता, आज घरची आठवण झाली का, म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. तिनं तोंड उघडलं.

जिभेवर, गालांच्या आतून, टाळूच्या मागेपर्यंत. पांढरं.

मी स्वयंपाकघरात गेलो. मिठाच्या बरणीमागे पत्र्याची डबी होती. खातूनला काल इस्पितळातूनच निरोप धाडला होता, पुन्हा पाठवू नको म्हणून. डबीत दोनच पुड्या उरल्या होत्या. ती डबी खिडकीतून भिरकावून द्यावी, पायाखाली चिरडावी, असं इतकं वाटलं की दात करकरले माझे. पण बाईंचे शब्द कानात होते. एकदम सोडायची नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी स्वतः गुलाबी कागदाचा पीळ सोडला, भुकटी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला धरला.

"घे," मी म्हटलं. "आणि बुरखा घाल. बाईंकडे जायचंय."